मायक्रोफोन कुणाच्या अंगणात

वणी तालुक्यातील एका खुल्या कोळसा खाणीच्या ब्लास्टिंगबाबत, म्हणजे सुरुंगांच्या स्फोटांबाबत, आम्ही तयार केलेला अहवाल सादर होऊन बरेच दिवस झाले, पण त्यातील दोन आकडे अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. डिसेंबरातल्या एका सकाळी खाणीपासून अकराशे मीटरवर असलेल्या गावात हवेच्या दाबाची नोंद ११७ डेसिबल झाली, आणि त्याच स्फोटाची नोंद तीन हजार चारशे मीटरवरच्या दुसऱ्या गावात १२४ डेसिबल झाली. सहा डेसिबल वाढले की दाब दुप्पट होतो. म्हणजे तिपटीहून लांब असलेल्या गावाला जवळच्या गावाच्या दुपटीहून अधिक दणका बसला. खाणीच्या कार्यालयात हे आकडे वाचून पहिला प्रश्न आला तो यंत्र बिघडले होते का, हा. यंत्राच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते बरोबर मोजते याचा, दाखला मी सोबतच नेला होता, कारण हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. आकडा सोयीचा असला की यंत्राची तब्येत कुणी विचारत नाही.

स्फोटांचे धक्के मोजण्याचे आमचे काम बाहेरून दिसते त्याहून थोडे वेगळे असते. सुरुंग उडाला की गावाकडे दोन पाहुणे निघतात. एक जमिनीतून येतो, खडकातून सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने, आणि लोक मान वर करेपर्यंत निघूनही गेलेला असतो. दुसरा हवेतून येतो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने, आणि त्याचा मोठा भाग वीस हर्ट्झच्या (सेकंदाला वीस कंपनांच्या) खाली असल्यामुळे तो कानाला नीट ऐकू येत नाही. तो ऐकू येतो घराला. टिनपत्रे थरथरतात, फळीवरची भांडी वाजतात, दाराची कडी खुळखुळते, आणि घरातला माणूस साहजिकच म्हणतो की जमीन हादरली. आपल्याकडे खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात ज्या मर्यादा आहेत त्या जमिनीच्या कंपनाच्या आहेत: खाणीच्या मालकीची नसलेली साधी घरे असतील तर ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झच्या दरम्यान १० आणि त्याहून वर १५. हवेच्या दाबासाठी आम्ही अमेरिकेतील १३३ डेसिबलची मर्यादा संदर्भाला घेतो. त्यामुळे ‘जमीन हादरली’ असे सांगणाऱ्या माणसाच्या दारात आम्ही जमिनीत कंपन टिपणारा जिओफोन रोवतो, त्यावर दीड-दोन मिलिमीटरचा आकडा येतो, आणि तो माणूस खोटारडा ठरतो.

या प्रकरणातील लेखी तक्रार जवळच्या गावाची होती आणि ती भिंतींच्या भेगांची होती. कामाच्या आदेशातही ‘तक्रारदार गावात मोजमाप’ असेच शब्द होते. मी त्या गावातील बरीच घरे पाहिली. ओसरीच्या कोपऱ्यापासून चौकटीच्या वरच्या टोकाकडे तिरप्या गेलेल्या त्या भेगा बहुतांशी काळ्या मातीच्या आहेत, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी तडकणारी ही माती उथळ पायाच्या घराला दरवर्षी उचलते आणि खाली ठेवते. खाणीपासून पन्नास किलोमीटर लांब गेलात तरी त्याच भेगा दिसतात. पण नुकसानभरपाईच्या अर्जात भेगेसाठी रकाना आहे, दचकण्यासाठी नाही. म्हणून लोक भेगा दाखवतात. त्यांना याचा दोष देण्यात अर्थ नाही.

स्फोटाचा दाब मोजण्याची ही सारी विद्या, तिची गणिते आणि तिच्या सवयी, पुष्कळ अंशी अणुचाचण्यांच्या मैदानातून आमच्याकडे आली आहे. हवेत होणाऱ्या चाचण्या १९४५ मध्ये सुरू झाल्या आणि १९८० मध्ये चीनच्या चाचणीबरोबर थांबल्या. आपल्या पोखरणच्या १९७४ आणि १९९८ च्या चाचण्या जमिनीखाली झाल्यामुळे तेथे हवेतला दाब मोजण्याला फारसे काम नव्हते. त्या काळातील मोजमापाच्या आखणीबद्दल जे उघड झाले आहे ते मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण त्या लोकांपुढे आमचीच अडचण हजारपटीने मोठी होऊन उभी होती. दाब किती येणार याचा अंदाज आधी केल्याशिवाय गेजची, म्हणजे दाब मोजणाऱ्या उपकरणाची, पट्टी ठरवता येत नाही. अंदाज कमी पडला तर गेजची सुई टोकाला जाऊन अडकते, जास्त झाला तर कागदावर केसाएवढी रेघ उमटते, आणि स्फोट काही पुन्हा करता येत नाही. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील ट्रिनिटी या पहिल्या अणुचाचणीच्या आधी, स्फोट किती टन टीएनटी स्फोटकाच्या ताकदीचा होईल यावर शास्त्रज्ञांनी आपसात एकेका डॉलरची पैज लावली होती. ओपेनहायमर यांनी ३०० टन सांगितले होते, टेलर यांनी ४५ हजार टन आणि पैज जिंकणाऱ्या राबी यांनी १८ हजार टन. ज्यांनी तो बॉम्ब बनवला त्यांच्याच अंदाजांत दीडशेपट अंतर होते, तर गेज लावणाऱ्याने काय करावे? त्यांनी दोन गोष्टी केल्या. ७ मे १९४५ रोजी त्याच वाळवंटात शंभर टन टीएनटी रचून उडवले आणि आपली यंत्रे तपासून घेतली. आणि प्रत्यक्ष चाचणीच्या वेळी एकाच जातीच्या यंत्रावर विसंबून न राहता वेगवेगळ्या जातींची यंत्रे वेगवेगळ्या अंतरांवर लावली. १६ जुलैच्या पहाटे सुमारे सोळा किलोमीटरवर उभ्या असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांनी, धक्का पोहोचायला लागणारे सुमारे चाळीस सेकंद सरल्यावर, हातातले कागदाचे कपटे सोडले. ते सुमारे अडीच मीटर सरकले आणि त्यावरून त्यांनी दहा हजार टन असा अंदाज केला. खरा आकडा अधिकृत नोंदीनुसार सुमारे २१ हजार टन होता. कागदाच्या कपट्यांनी दुपटीच्या आसपास पोहोचणे ही माझ्या मते थोर कामगिरी आहे.

त्याहून मला जवळची वाटते ती प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांजवळच्या चाचणीची गोष्ट. १ जुलै १९४६ रोजी विमानातून टाकलेला अणुबॉम्ब नारिंगी रंगवलेल्या नेवाडा नावाच्या जहाजावर पडायचा होता. तो सुमारे साडेसहाशे मीटर चुकला. सारी मांडणी ज्या बिंदूभोवती केली होती तो बिंदूच सरकला. तेथे ब्रिटिश गणितज्ञ विल्यम पेनी यांनी पत्र्याचे साधे डबे ठेवले होते, आणि ते किती चेपले यावरून त्यांनी दाब काढला. डब्याला बॅटरी लागत नाही, धक्का येताच नोंद सुरू करणारा ट्रिगर लागत नाही, आणि स्फोट कुठे होणार हे आधी कळवावेही लागत नाही. महागड्या चार यंत्रांच्या निविदा काढणाऱ्या आमच्या खरेदी विभागाला हे डबे एकदा दाखवावेत असे मला नेहमी वाटते.

दूरच्या गावात मी गेलो तो आखणीच्या निमित्ताने. जवळच्या गावाचा सरपंच बोलता बोलता म्हणाला होता, “आमच्यापेक्षा त्या टेकाडापल्याडच्या गावाले जास्त आवाज जाते म्हणते, पण त्यांचं काई अर्जबिर्ज नाई.” ब्लास्टिंग ऑफिसरांच्या मते ही अफवा होती. ते हुशार पण थकलेले गृहस्थ आहेत; महिन्याचे कोळशाचे लक्ष्य, स्फोटकांचा हिशेब आणि गेटवर बसलेले आंदोलक या तिघांमध्ये त्यांचा दिवस संपतो, आणि चौथ्या गोष्टीचे त्यांना खरोखरच भय वाटते. तरी मी गेलो. पांदण रस्त्याने पऱ्हाटीच्या वावरांतून गेल्यावर गावाच्या टोकाला एका अंगणात एक म्हातारी तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी ब्लास्टिंगबद्दल विचारले तेव्हा तिने हातातले सूप खाली ठेवले नाही. म्हणाली, “धूर वर निघते न बाबू तिकडून, मंग मी एवढं पाखडतो, मंग टिन वाजते. सकाऊन झालं तं जास्त वाजते. दुपारचं तं कई कई समजतई नाई.”

मी तिला ‘एवढं’ म्हणजे किती ते करून दाखवायला सांगितले. तिने सूप तोलून धरले, डावा हात किंचित खाली केला, डाळ पुढच्या काठाशी आणून झटक्याने मागे घेतली, फोलपटे उडाली. तीच हालचाल, त्याच लयीत, न थांबता. मी घड्याळ लावून ठेवले होते. ती थांबली तेव्हा नऊ सेकंद होऊन थोडा वेळ वर झाला होता. तीन हजार चारशे मीटरला तीनशे चाळीसने भागले की दहा येतात. जमिनीतून येणारा धक्का दीड-दोन सेकंदांत संपला असता. हा दणका हवेतून येतो याचा मला त्या क्षणी कोणत्याही जिओफोनपेक्षा चांगला पुरावा मिळाला होता, आणि तो सकाळी जास्त असतो हे तर तिने न विचारता सांगितले होते.

सकाळचे कारण कोणत्याही हवामानशास्त्राच्या पुस्तकात मिळते. डिसेंबरात वऱ्हाडातले आकाश स्वच्छ असते, रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि तिला लागून असलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते. एका अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, म्हणून लाटेचा वरचा भाग पुढे धावतो आणि सारी लाट वाकून पुन्हा जमिनीवर येते. कुठे तरी लांब ती एकवटते. दुपारी उलट होते, लाट वर वळते आणि जमिनीवर आवाजाची सावली पडते. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील अणुचाचणी मैदानावर १९५१ च्या आरंभी सुरुवातीच्या स्फोटांनीच शंभरेक किलोमीटरवरच्या लास व्हेगासमधील दुकानांच्या काचा फोडल्या, तेव्हा अमेरिकनांना हा धडा पैसे मोजून मिळाला. त्यानंतर अण्वस्त्रांवर काम करणाऱ्या सँडिया प्रयोगशाळेचे लोक चाचणीच्या आधी साधी स्फोटके उडवून दूरच्या गावांतील सूक्ष्म दाबमापकांवर त्या दिवसाची हवा पाहू लागले. ज्या गावाची काच फुटणार, मापक त्या गावात. हे त्यांना पहिल्या काही स्फोटांत कळले. आमच्याकडे मात्र तक्रारीचा अर्ज जिथून आला तिथेच मापक, हा नियम आहे.

माझ्याकडे चार यंत्रे होती. तिसरे आणि चौथे कुठे ठेवायचे यावर खाणीच्या कार्यालयात बराच वेळ गेला. चारही जवळच्या गावात ठेवली की नोंदी भरपूर मिळतील, सरासरी काढता येईल, असे मला सुचवण्यात आले. शेवटी मी आदेशात दुसरीकडे आलेल्या ‘परिसर’ या शब्दाचा आधार घेऊन एक यंत्र दूरच्या गावात नेले. म्हातारीच्या अंगणापासून जवळच शाळेच्या मागे मोकळी जागा होती.

मायक्रोफोन ठेवणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. तो भिंतीजवळ ठेवला तर भिंतीवरून परतणारी लाट येणाऱ्या लाटेत मिसळते आणि आमच्या हलक्या लाटांतही दाब दुपटीपर्यंत जातो; अणुस्फोटाजवळच्या तीव्र लाटेत तो आठपटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणून तिथे गेज जमिनीच्या पातळीत सपाट बसवत, नाहीतर लाटेला आडवा न येणाऱ्या पातळ चकतीत. आम्ही लोखंडी गजावर मीटरभर उंचीवर, भिंतीपासून लांब, स्पंजची टोपी घालून ठेवतो. टोपी वाऱ्यासाठी असते, पण शेळीला ती खाण्याची वस्तू वाटते, म्हणून भोवती काटेरी फांद्या लागतात. ट्रिगर हा खरा डोकेदुखीचा भाग आहे: दूरच्या ठिकाणी तो कमी ठेवावा लागतो, आणि कमी ठेवला की रात्रीची प्रत्येक झुळूक स्वतःला स्फोट समजून नोंद करते व सकाळपर्यंत मेमरी भरते. म्हणून मी तिथे ट्रिगर बंद ठेवून सलग नोंद चालू ठेवली. त्याला बॅटरी जास्त लागते, आणि बॅटरी बदलायला माणूस पहाटे जावा लागतो. काळ्या मातीत जिओफोन बसवणे हा स्वतंत्र विषय आहे; डिसेंबरात ती वरून कडक आणि आत तडकलेली असते, खिळा दाबला की घट्ट वाटतो आणि प्रत्यक्षात सैल असतो. हातभर खणून, ओल लागेपर्यंत जाऊन, मग माती ठोकून बसवावा लागतो. आमच्या नव्या पोरांपैकी निम्मे वाळूची पिशवी वर ठेवून मोकळे होतात.

ब्लास्टिंग बहुतेक वेळा दुपारी होते. त्या दिवशी आदल्या संध्याकाळी स्फोटके भरलेले होल गेटवरच्या गोंधळामुळे उडवता आले नव्हते, अंधार पडला होता, आणि भरलेली बेंच, म्हणजे खाणीची ती पायरी, रात्रभर पहाऱ्यात राहिली. अशा होलांना जास्त वेळ ठेवणे कुणालाच नको असते, म्हणून ते उजाडताच उडवायचे ठरले. मला तो निरोप मिळाला तेव्हा मी बॅटरी बदलण्यासाठी दूरच्या गावातच होतो. नदीच्या बाजूला धुवारीचा पट्टा जमिनीला चिकटून पडला होता आणि टेकाडावरची झाडे त्याच्या वर स्वच्छ दिसत होती. तेवढ्यात खाणीचा सायरन ऐकू आला. तीन-साडेतीन किलोमीटरवरून तो दुपारी कधीच ऐकू येत नसे. त्या वेळी तो शाळेच्या पलीकडे वाजत असल्यासारखा आला. स्फोटाची धूळ टेकाडावर चढताना दिसली. मी मोजत उभा राहिलो. दहाला थोडे कमी असताना शाळेचे सारे टिन एकदम खडखडले, कुणाच्या तरी घरात भांडे पडले, आणि म्हातारीच्या अंगणातून हाक आली, “पाह्यलं काय?”

जवळच्या गावात बसलेल्या सहकाऱ्याला मी लगेच फोन केला. तो म्हणाला, “काही विशेष नाही, नेहमीसारखाच झाला.”

पुढचे काही दिवस मी ब्लास्टचा आराखडा समोर घेऊन बसलो आणि त्यात आणखी एक गोष्ट निघाली. अडीचशे मिलिमीटर व्यासाचे होल होते, रांगेतील दोन होलांमधले अंतर साडेआठ मीटर, आणि एका होलानंतर दुसरा पंचवीस मिलिसेकंदांनी. साडेआठ मीटरला पंचवीस मिलिसेकंदांनी भागा. उत्तर सेकंदाला ३४० मीटर येते. म्हणजे रांगेतील स्फोट ध्वनीच्याच वेगाने पुढे सरकत होते, आणि रांग ज्या दिशेला उडत गेली त्या दिशेला प्रत्येक होलाचा दाब आधीच्या होलाच्या दाबावर जाऊन बसत होता. रांगेचे तोंड दूरच्या गावाकडे होते. अणुबॉम्बचा स्फोट एकदाच होतो, म्हणून त्याच्या पुस्तकांत हे सापडत नाही. हे खाणीचे स्वतःचे दुखणे आहे, आणि ब्लास्टिंगच्या चांगल्या पुस्तकांत ते लिहिलेले आहे. बेचाळीस मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे दोन होलांच्या स्फोटांमधला अवकाश, वापरला असता तर हा वेग दोनशे मीटरवर आला असता आणि दाब एकमेकांवर चढले नसते. डिले बदलायला फारसा खर्च येत नाही. स्टोअरमध्ये पंचवीसचा साठा संपवायचा होता, हे मला मागाहून समजले.

अहवालात मी सारे लिहिले: सकाळी दहाच्या आधी ब्लास्टिंग करू नये, रांग दोन्ही गावांपासून दूर जाणाऱ्या दिशेने उडवावी, डिले बदलावा, आणि भेगांचा संबंध या ब्लास्टिंगशी जोडण्याइतका पुरावा मिळाला नाही. शेवटच्या वाक्यामुळे जवळचे गाव माझ्यावर नाराज झाले. पहिल्या वाक्यामुळे खाण नाराज झाली, पण तिने ते शांतपणे निस्तरले: १२४ हा १३३ पेक्षा कमी आहे, म्हणजे सर्व काही मर्यादेत आहे, आणि दूरच्या गावाचा तक्ता मुख्य भागातून परिशिष्टात जावा, कारण ते तक्रारदार गाव नाही. १२४ डेसिबलला काच बहुधा फुटत नाही हे मलाही मान्य आहे. पण पहाटे घरात झोपलेले तान्हे मूल १३३ ची वाट पाहत नाही, आणि तहसील कार्यालयातील बैठकीत हे वाक्य मी उच्चारले तेव्हा इतिवृत्तात ते घेतले गेले नाही.

आता माझ्यापुढची अडचण वेगळी आहे. त्या सकाळी दोन कारणे एकत्र आली, थंड हवेचा थर आणि रांगेची दिशा, आणि एका नोंदीवरून त्यांची वाटणी करता येत नाही. वाटणी करायची तर एक ब्लास्ट दुपारी त्याच दिशेने आणि त्याच डिलेने घ्यावा लागेल, आणि एक पहाटे, उलट दिशेने. दुपारचा ब्लास्ट घेता येईल. ब्लास्टिंग ऑफिसरांनी होकार दिला आहे, पंचवीसचा साठाही आहेच. पहाटेचा ब्लास्ट माझ्याच अहवालाने बंद केला आहे, आणि तो पुन्हा सुरू करा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? दूरच्या गावाच्या सरपंचांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “करा न सायब एकडाव, पण आदल्या राती दवंडी द्या, आन आमच्या कागदावर तुमची सही पायजे.” कार्यालयातून उत्तर आलेले नाही. तोवर गावच्या पाण्याच्या टाकीवर एक तापमापक आणि तिच्या पायथ्याशी दुसरा बसवून घेतला आहे. वरची आणि खालची हवा रोज पहाटे किती उलटी असते हे तरी त्यातून कळेल. दुपारच्या ब्लास्टसाठी मायक्रोफोन शाळेच्या मागे, पूर्वीच्याच खड्ड्याजवळ लावायचा आहे, आणि दोन यंत्रे मी या वेळी मधल्या टेकाडावर नेणार आहे.